शेवट नसलेलं गाऱ्हाणं

माझा नातू कुडाळच्या कोर्टात वकिली करतो. परवा जेवताना मोठ्या कौतुकानं सांगत होता, "आजी, आता नव्या कायद्यात लहानसहान गुन्ह्याला तुरुंग नाही. समाजाची सेवा करायला लावतात." त्याला वाटलं, म्हातारी तोंडात बोट घालेल. मी सोलकढीचा घोट घेतला आणि विचारलं, "किती दिवस करायची ते कागदावर लिहितात का?" "लिहितात ना," म्हणाला. "मग बरं," म्हटलं, "न लिहिता कुणाला लावू नका." सुनेला वाटलं मला नीट ऐकू आलं नसावं. मला चांगलं ऐकू येतं. तिनीसांजेला तर जरा जास्तच येतं. ते का, हे माझ्या मागे सांगणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून बसले लिहायला.

आमचं घर आचऱ्याच्या अलीकडे, सड्याच्या, म्हणजे कातळी माळाच्या, उतारावर. घरापुढे शेणानं सारवलेलं खळं, खळ्याखाली भाताचे कुणगे, म्हणजे खाचरं, कुणग्यांपलीकडे व्हाळ, म्हणजे ओढा, आणि त्यापुढे माडांच्या आडून समुद्र. समुद्र घरातून दिसत नसे, पण त्याची गाज चोवीस तास कानात असायची, इतकी की पाहुणा "हा कसला आवाज?" म्हणाला की आम्हीच त्याच्याकडे बघत राहायचो. घरात तिघंच. आबा, म्हणजे माझे वडील, आये आणि मी. मोठा भाऊ मुंबईला गिरणीत होता, तो गणपतीला यायचा. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा, दुपारी कुळथाची पिठी आणि भात. यात बदल झाला तर घरात कुणीतरी आजारी आहे असं समजावं. आणि या सगळ्यावर दिवसभर आबाचं तोंड. तो नांगरताना बैलांशी बोलायचा, जेवताना माशाशी बोलायचा, झोपेतही कुणाशी तरी हुज्जत घालायचा. आये म्हणायची, "देवान ह्येंका तोंड दिल्यान आणि झाकान देवक विसारलो." तिला नवऱ्याचं नाव घ्यायचं नसे. आबाचं नाव पांडुरंग, म्हणून आये 'पांढरा' हा शब्दसुद्धा तोंडात आणत नसे. आमच्या पांढऱ्या कोंबड्याला ती चुन्यासारखो कोंबो म्हणायची. आता हसू येतं, तेव्हा हे श्वास घेण्याइतकं साधं होतं.

आमच्या कुणग्याला लागून भागीकाकीचा कुणगा. काकी आमच्या नात्यातली नव्हे, शेजारीण. वयानं आबापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी, एकटी राहायची. नवरा तरुणपणीच गेला, पण मेला असं कुणी म्हणत नसे, 'गेलो' म्हणत, घर सोडून गेलेल्याला म्हणतात तसं. त्यामुळे काकीच्या कपाळावर कुंकू होतं आणि गळ्यात काळे मणी होते. तिच्या दोन गोष्टींची आम्हा पोरींना मजा वाटायची. एक म्हणजे, रामफळाला ती कधी रामफळ म्हणायची नाही. "सीताफळाचो घोव" म्हणायची, घोव म्हणजे नवरा. दुसरी म्हणजे, रोज दिवेलागणीला ती पाण्यानं भरलेली कळशी दाराबाहेरच्या पायरीवर ठेवायची, पाय धुवायला ठेवतात तशी. तिच्याकडे संध्याकाळचं कुणीही येत नसे. सकाळी ती तेच पाणी तुळशीला घालायची.

दोन कुणग्यांच्या मधे मातीची मेर, म्हणजे बांध, आणि मेरेच्या टोकाला एक काळा धोंडा. भर वैशाखात, गाव जेवून कलंडलेलं असताना, मी आबाला ताक घेऊन गेले. बघते तर आबा एकटा. कुदळीनं मेर खणून माती पलीकडे ओढलेली, आणि पोटाशी तो धोंडा धरून तो काकीच्या बाजूला सरकत होता. दोन हात, जास्त नाही. मला बघितलं आणि त्यानं धोंडा तिथेच खाली टेकवला. मग म्हणाला, "एकटी बायलमाणूस. तिका काय कळताला? घराक जा, आणि गप रव." मी गप्प राहिले. आबावर माझा फार जीव होता आणि त्या दिवशी मला त्याची फार लाज वाटली. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला तेव्हा कळलं.

काकीला कळलं ते सावलीवरून. दुपारी त्या धोंड्यावर बसून पान खायची तिची सवय. ती मानकरी दाजींना सांगायला गेली, "आमच्या माडाची सावळी माज्या डोक्यार पडायची, आता पडना नाय. माड चलाक नाय, म्हणजे धोंडो चललो." त्याआधी तिनं मला विचारलं होतं, "गो, तू रोज थंय जातंस. काय बगलंस?" मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "काय नाय." चौदा वर्षांची होते. खोटं बोलायला एवढं वय पुरतं.

काकीचा भाचा मालवणात कचेरीत शिपाई होता. तो कडक कपड्यात आला आणि कचेरीच्या मराठीत म्हणाला, "फौजदारांना कळवतो. कलम लागेल. तीन महिने आत." आयेनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. लावणी तोंडावर आलेली, भाऊ मुंबईत, आणि आमच्या गावात आत जाऊन आलेल्या माणसाच्या घरचं पाणीही कुणी पीत नसे. तेव्हा काकीच बोलली. "आत घातलास तर माका काय गावता? माका माजी मेर होयी आणि शेजारी पण होयो." मग ठरलं की गावातलं गावात मिटवायचं, देवासमोर.

दाजी म्हणजे आमच्या गावचे मानकरी. देवाला गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीनं मागणं मांडायचा, मान त्यांच्या घराकडे, बापाकडून त्यांच्याकडे आलेला. देवळात सगळा गाव जमला, बायका बाहेरच्या पायरीवर. देवाच्या अंगाला ओल्या फुलांचे कळे लावले, उजवा कळा पडला, म्हणजे देवाची मान्यता मिळाली. दाजींनी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, ह्या पांडूच्या हातून मेर सरली. चूक तेची, लाज गावाची."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला.

"तेका तुरुंग दाखवू नको, तेचा घर मोडू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"जेणी मेर सारल्यान, तेणी शीम राखूची. तिनीसांजेक तुज्या राखणदाराच्या वांगडा गावची शीम फिराची."

"व्हय म्हाराजा."

"फिरतना कोणी तेका हाक मारूची नाय. मारलीच, तर तेणी ओ देवची नाय."

"व्हय म्हाराजा." आणि नारळ फुटला.

शीम म्हणजे गावाची हद्द. राखणदार म्हणजे देवचार, जो रोज काठी टेकत हद्दीवरून फिरतो आणि गाव राखतो. त्याच्यासाठी शिमेवरच्या सातविणीच्या झाडाखाली चामड्याच्या वहाणा ठेवायची आमच्याकडे रीत होती. त्या वहाणा झिजायच्या. झिजल्या की गाव नव्या ठेवायचा. याचं कुणाला नवल नव्हतं, मलाही नव्हतं. नवल आता वाटतं. वांगडा म्हणजे सोबत, आणि तो शब्दही त्या दिवशी कुणाच्या कानाला टोचला नाही. एक भागीकाकी सोडून. 'शीम फिराची' ऐकलं तशी ती उठली आणि नारळ फुटायच्या आत पायऱ्या उतरून गेली. मला वाटलं, शिक्षा कमी झाली म्हणून रागावली.

घरी येताना आबा म्हणाला, "कदीपर्यंत ता दाजीन सांगलाच नाय." आये म्हणाली, "शिमग्यापर्यंत, आणखी काय. वरीस पुरा होता थंय." मन हलकं झालं होतं आमचं. दुसऱ्या दिवशी आबानं सगळ्यांदेखत मेर जागेवर आणली, धोंडा छातीशी धरून परत नेला. लोकांनी थट्टा केली, "पांडू, धोंड्याक नीट सांभाळ, जावय असल्यासारखो," आणि मग सगळे काकीच्या खळ्यात बसून पेज आणि चण्याची उसळ जेवले. त्या पावसात आबानं आधी काकीचा कुणगा लावला, मग आमचा. मी आजही म्हणेन, इथपर्यंत आमच्या गावानं जे केलं ते कुठल्याही कोर्टापेक्षा शहाणपणाचं होतं.

सातविणीखाली आबासाठी वहाणांचा नवा जोड ठेवला, राखणदाराच्या जोडाशेजारी. रोज दिवेलागणीला आबा अनवाणी घरातून निघायचा, तिथे वहाणा घालायचा, हातात काठी, खांद्यावर घोंगडी, कंदील. व्हाळाच्या काठानं, सड्यावरून, खाली समुद्राच्या पुळणीपर्यंत आणि परत. जेवणवेळेला घरी. आमच्या कुणग्यांखालून तो जायचा तेव्हा नव्या चामड्याची करकर वर खळ्यात ऐकू यायची. लोक दार ओढून घ्यायचे, नजर खाली घालायचे. कोणी हाक मारायची नाही ना. पहिल्या महिन्यात आबा घरी येऊन सगळं सांगायचा, अमक्याचं ढोर सुटलेलं, तमक्याच्या वयीला, म्हणजे कुंपणाला, भोक. मग सांगणं कमी झालं. दिवाळीच्या सुमाराला, सातवीण फुलून तिचा तो डोकं जड करणारा वास खळ्यापर्यंत यायला लागला, तेव्हा आबा बैलांशी बोलायचा थांबला.

आयेनं ते कळून घेतलं नाही. "दमतत, म्हणान," म्हणायची. पण जेवताना ती "अवो, आयकलात? आमटी वाढू?" विचारायची आणि आबा भिंतीकडे बघत राहायचा, जणू तिथे कोणी जास्त महत्त्वाचं बोलत होतं. "आबा" म्हणून मी दंडाला हलवलं की दचकायचा. त्याच्या अंगाला सातविणीचा वास यायला लागला होता, आंघोळ केली तरी. आणि गावाचं म्हणाल, तर गाव खूश होता. त्या वर्षी एक नारळ चोरीला गेला नाही, एकाचं ढोर दुसऱ्याच्या भातात गेलं नाही. लोक सातविणीखाली आबासाठी विडी ठेवायला लागले. आधी मला वाटलं मायेनं ठेवतात. मग एक दिवस आमच्याच आळीतली एक बाई तिथे हात जोडून उभी दिसली. ज्याला हात जोडतात त्याला कुणी घरी सोडत नाही.

थंडीत दाजी वारले. शिमगा आला, होळी पेटली, विझली. आबा दुसऱ्या दिवशी तिनीसांजेला उठला आणि काठी घेतली. आये आडवी उभी राहिली. "संपला ना आता?" आबा पुष्कळ दिवसांनी बोलला. "कोणी सांगलान?" एवढंच. आम्ही दाजींच्या मुलाकडे गेलो. तो म्हणाला, "बापाशीचा गाऱ्हाणा मिया कसा मोडू? कौल लावया." कळे लावले. डावा पडेना, उजवा पडेना. सकाळपासून दुपारपर्यंत फुलं देवाच्या अंगावर चिकटून सुकली. मुलगा हात धूत म्हणाला, "देवाच्या मनात नाय. आणि वैनी, खरा सांगू? तेंच्यामुळे गाव सुखी आसा." त्या माणसाचा मला आजही राग येतो, आणि त्याची तिसरी पिढी आता गाऱ्हाणं घालते.

त्याच संध्याकाळी मी मेरेजवळच्या करवंदीच्या जाळीमागे लपून बसले. उजेड अजून होता, समुद्राकडचं आभाळ तांबूस. आबाचा कंदील व्हाळाकडून येताना दिसला. कंदील एक, माणूस एक. पण करकर दोघांची होती. एक आबाच्या पावलांची, त्याचा डावा पाय किंचित ओढायचा, ती मला ओळखीची. दुसरी त्याच्या पुढे, दोन पावलांच्या अंतरानं, एका लयीत. व्हाळ ओलांडताना आबा घसरला, तेव्हा पुढची करकर थांबली. आबा सावरला, मग पुन्हा सुरू झाली. ते दोघे खालून निघून गेले आणि मी रांगत काकीच्या खळ्यात आले.

काकी पायरीवर कळशी ठेवत होती. मी तिचे पायच धरले. "काकी, मिया तुका खोटा सांगलंय. आबान धोंडो सारल्यान तो मिया बगलंय. माका काय होयी ती शिक्षा दी, पण आबाक सोडव."

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. "तुज्या तोंडार होता ता सगळा." मग तिनं मला उठवून बसवलं. "तेच्या पुढे कोण चलता, ता आयकलंस?"

मी मान हलवली. काकी कळशीतल्या पाण्याकडे बघत सांगायला लागली.

"माज्या घोवान देवाच्या रायेतलो एक फणस तोडलेलो. घराक वासो होयो म्हणान. तेवाय असाच. दाजीच्या बापाशीन ह्याच गाऱ्हाणा घातल्यान, शबुद न शबुद. शेवट तेणीय सांगूक नाय. बापूस बोललो तसोच झील बोललो. फिरता फिरता हे बोलाचे बंद झाले, आणि एक दिस घराक इलेच नाय. लोक म्हणतत मुंबयक गेलो, दुसरी केल्यान. राखणदाराच्यो वहाणा घालून कोण गो मुंबयक जाता?"

"मगे तू हाक कित्या मारूक नाय?"

"काय म्हणान मारू?" काकीचा आवाज चढला. "सासू मेलेली, दीर नाय. बायलेन घोवाचा नाव घेवचा? ह्या मेरेर उभी रवान मिया 'अवो' म्हटलंय, 'आयकलात' म्हटलंय. 'अवो' कोणाचाय असता. तेंका कसा कळताला?"

मला आयेची आठवण झाली. आमच्या घरातही तेच होतं. आये नाव घेणार नाही, मी घेऊ शकत नाही. "तू आबापेक्षा मोठी," मी म्हटलं. "आणि मेर तुजी."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला काकी धोंड्याशेजारी उभी राहिली. मी तिच्यामागे, आये वर खळ्यात. गाऱ्हाण्याविरुद्ध जायचं म्हणजे काय हे तिला माहीत होतं. कंदील आला. करकर आली, दोघांची.

"पांडू," काकी म्हणाली. पावलं थांबली नाहीत.

"पांडू." आबाची मान जरा वळली, पण पाय चालतच होते. धोंड्यापाशी तो आमच्या अगदी जवळ आला आणि त्याच्या डोळ्यांत कंदील दिसत होता, आम्ही दिसत नव्हतो.

"पांडू, माजी मेर माका पावली. माजा तुज्यार काय नाय. घराक चल रे बाबा."

आबा थांबला. तोंड उघडलं, मिटलं. मग "ओ" म्हणाला. कितीतरी दिवस न उघडलेल्या दाराचा आवाज असतो तसा. त्यानं वाकून वहाणा काढल्या, मेरेवर ठेवल्या आणि अनवाणी माझ्याजवळ आला. मी त्याचा हात धरला. बर्फासारखा गार होता.

पण करकर थांबली नव्हती. ती आमच्यापुढून सड्याकडे चालली होती, एकटी, त्याच लयीत. काकी तिकडे तोंड करून उभी होती. तिनं पदरानं ओठ पुसले.

"जयराम," ती म्हणाली. इतकं हळू, जणू लहान पोरीनं वाईट शब्द बोलून बघावा. मग जरा मोठ्यानं, "जयराम." आणि तिसऱ्यांदा ती ओरडलीच, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी, ज्या नावासाठी तिनं आयुष्यभर एका फळाचंही नाव घेतलं नव्हतं ते नाव.

करकर थांबली. मी 'ओ' ऐकला नाही. समुद्राची गाज ऐकली, बस. आबानं मात्र माझा हात एवढा आवळला की दुसऱ्या दिवशी बोटं सुजली होती.

"चला," काकी म्हणाली, आदरानं, जशी त्या काळच्या बायका बोलायच्या. "पाय धुवा. पाणी ठेवलंय." आणि मागे न बघता ती चढ चढून घराकडे गेली.

आबाला पुन्हा बोलायला पंधरा दिवस लागले, आणि मग पूर्वीसारखा तो कधीच बोलला नाही. एकदाच मी विचारलं, पुढे कोण होतं. म्हणाला, "म्हायत नाय. कदी बोललो नाय तो. पण व्हाळाकडे माज्यासाठी थांबायचो." गाव काही दिवस आमच्यावर रुसला. राखणदार चिडू नये म्हणून मानकऱ्यांनी सातविणीखाली वहाणांचा कोरा जोड ठेवला. वैशाख सरत आला तरी जोड कोराच. चामड्यावर बुरशी धरली, एका वहाणेत मुंग्यांनी घर केलं. दाजींच्या मुलानं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, "राखणदार रुसान खंयतरी गेलो."

त्याच आठवड्यात मी काकीकडे आयेनं दिलेली फणसाची भाजी घेऊन गेले. दिवे लागायची वेळ होती. मी म्हटलं, "काकी, लोक म्हणतत राखणदार रुसलो."

"रुसूक नाय," काकी म्हणाली. "घराक इलो." ती आत गेली आणि परसातलं एक पिकलेलं फळ आणून माझ्या ओंजळीत ठेवलं. "घे गो. रामफळ."

मी पायरीकडे बघितलं. कळशी आत होती, उंबऱ्याच्या पलीकडे, आणि तिच्यातलं पाणी अर्धं झालं होतं.